जुन्या डिस्कमधला पाडा

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, पत्र्याची एक टपरी आहे. तीत मी बसतो आणि लोकांचे अर्ज लिहितो. आतल्या कचेरीतली माणसे बदलत राहतात. कोणी बढतीने जातो, कोणी तक्रारीने. बाहेरची कचेरी बदललेली नाही. आत जाणारा प्रत्येक शहाणा अर्ज माझ्या टपरीतून जातो, आणि जे अर्ज माझ्याकडून जात नाहीत त्यांची आत काय दशा होते हे मी रोज पाहतो. ‘माननीय साहेब यांसी’ एवढे लिहून झाले की लोकांना वाटते, अर्धे काम उरकले.

माझ्या शिक्षणाची चौकशी अधूनमधून होते, म्हणून सांगून टाकतो. दहावीच्या परीक्षेत गणित आणि इंग्रजी या दोन विषयांनी माझी अडवणूक केली. त्या दोहोंवाचून माझे आजवर काहीही अडलेले नाही. उलट, पदव्या घेतलेली माणसे माझ्या बाकावर बसून ‘तात्या, जरा कचेरीच्या भाषेत करून द्या’ असे म्हणतात, तेव्हा शाळेने त्यांना इतकी वर्षे काय शिकवले असावे याचे मला कुतूहल वाटते.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली आणि परत येताना अशी आली, की शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा पंखा आणि माझा संगणक एकदमच बसले. संगणकाचे मला दुःख नव्हते. तो शेवटी पत्र्याचा डबा. माझे जे काही होते ते त्याच्या आतल्या हार्ड डिस्कमध्ये होते. हातपंप दुरुस्तीपासून वनहक्काच्या दाव्यापर्यंत, रेशनकार्डात नाव चढवण्यापासून शेताची वाट मोकळी करून मागण्यापर्यंत, प्रत्येक प्रकारच्या अर्जाचा मी स्वतः घडवलेला मसुदा त्या डिस्कमध्ये होता. कोणत्या साहेबापुढे कोणते वाक्य चालते, कोणत्या वाक्याने तो चिडतो आणि कोणत्या वाक्यानंतर त्याला ‘नाही’ लिहिता येत नाही, हे वर्षानुवर्षे पाहून त्या मसुद्यांतला शब्द न् शब्द मी बसवला होता. डिस्क गेली असती तर टपरी, खुर्ची आणि मी एवढेच उरलो असतो, आणि अशी माणसे फाटकाबाहेर पुष्कळ बसतात.

मसुदा ठेवण्याची माझी एक रीत आहे. पुढच्या हकिकतीसाठी ती सांगणे भाग आहे. इतर अर्जनवीस गावाच्या नावाच्या जागी टिंबे ठेवतात. टिंबांवर डोळा थांबत नाही. ‘मौजे टिंब टिंब टिंब येथील रहिवासी’ असा अर्ज थेट वरिष्ठांकडे गेलेला मी पाहिला आहे, आणि तो लिहिणारा गृहस्थ आजही स्वतःला लेखक म्हणवतो. मी टिंबे ठेवीत नाही. माझ्या प्रत्येक मसुद्यात गावाच्या जागी एका पाड्याचे नाव असते. हा पाडा मणिबेलीच्या बाजूचा, नर्मदेच्या काठचा. धरणाचे पाणी चढले तेव्हा तो पाण्याखाली गेला. त्याआधी तिथली माणसे होडीने आणि मग जीपने माझ्याकडे येत, आणि त्यांचे अर्ज मी लिहीत असे. माणसे वसाहतींत पांगली आणि त्या नावाचा अर्जदार येणे बंद झाले. म्हणूनच ते नाव मला सोयीचे वाटले. ते वाचताच मी थांबतो. कोणताही मसुदा उघडला की आधी पाडा बदलायचा आणि मग बाकीचे, हा माझा नियम. आणि तो पाडा मसुद्यात एकाच ठिकाणी नसतो. डोक्यावर असतो, मधल्या हकिकतीत असतो, शेवटच्या विनंतीतही असतो. अर्ज शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाच तो पूर्ण बदलता येतो.

तर जळका डबा घेऊन मी बसस्टँडजवळच्या संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानदार चांगल्या बागायतदार घरचा. शेती भावांकडे सोपवून, कुठलासा कोर्स करून त्याने हे दुकान थाटले होते. भिंतीवर त्याचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. ज्याला आपले ज्ञान चौकटीत लावून ठेवावे लागते, त्याच्या ज्ञानाविषयी माझे मत पहिल्यापासूनच बरे नाही. त्याने पेचकस फिरवून डबा उघडला, आत फुंकर मारली आणि मान हलवली.

“तात्या, हाऊ डबा आते भंगारमा.”

“डबा खुशाल भंगारात घाला. आतली डिस्क काढा आणि नव्या संगणकात बसवा,” मी म्हणालो. अहिराणी मी घरी बोलतो. दुकानात बोलत नाही. माणसे सलगी करू लागतात.

“हाई डिस्क? आते कोन्ही वापरस नई असी. नवी ल्या. एवढीशी ऱ्हास, आवाज करत नई, वारासारखी पयस!”

“माझ्या अर्जांना पळायचे नाही, पोहोचायचे आहे.”

त्याला हे समजले नाही. त्याने डिस्क बाहेर काढली आणि नाक मुरडले. “आनि हाई काय लायेल शे? लाल लाल?”

“दसऱ्याचे कुंकू.”

“डिस्कले?”

“मग काय पडद्याला लावू? राबणारा आत बसलेला असतो.”

त्याने अंगठा जिभेला लावला आणि ते कुंकू पुसून काढले. ज्या अंगठ्याने त्याने ते पुसले, तो अंगठा मी लक्षात ठेवला.

नवा संगणक मी त्याच्याकडूनच घेतला. त्यात त्याची ती बोटाएवढी वाऱ्यासारखी डिस्क आधीपासून होतीच. तिच्याखालच्या रिकाम्या खणात त्याने माझी जुनी डिस्क सरकवली, दोन बाजूंनी चार स्क्रू पिळले, एक बारीक आणि एक रुंद अशा दोन वायरी तिला जोडल्या आणि बटण दाबले. पडदा निळा झाला. संगणक बंद पडला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा निळा झाला.

“देखा! मी सांगतच व्हतू. जुनी डिस्क, नवा बोर्ड. जमत नई.”

मला जे दिसत होते ते त्याला दिसत नव्हते. पडद्यावर आधी माझ्या जुन्याच विंडोजचे चित्र उमटत होते आणि मग निळे होत होते. “हा यंत्राचा दोष नाही,” मी म्हणालो, “तो जुन्या डिस्कवरून सुरू व्हायला पाहतो आहे. त्याला सांगा, सुरुवात नवीवरून कर आणि जुनीला फक्त कपाटासारखी वापर.” दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले, जणू टेबलाने तोंड उघडले. मग एक कळ दाबून तो यंत्राच्या आतल्या यादीत शिरला, नव्या डिस्कचे नाव वर नेले, आणि संगणक निमूटपणे सुरू झाला. “मी तेच करनार व्हतू,” असे तो म्हणाला. करणार असलेल्या कामांची यादी या तालुक्यात फार लांब आहे.

डिस्क दिसू लागली. माझे कप्पेही दिसले. पण ‘अर्ज’ नावाचा कप्पा उघडताच पडद्यावर सूचना आली, की हा कप्पा उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही.

“तात्या, मालकी नई शे ना तुमनी!” दुकानदार खुशीत हसला. “जुना संगणकना मालक येगया, नवाना येगया.”

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मालकीसाठी अर्ज लिहिले. मयत बापाचे नाव उताऱ्यावरून कमी होऊन पोराचे लागावे म्हणून माणसांना तलाठ्याच्या दारात केस पांढरे करताना पाहिले. आणि माझ्याच कागदांवर माझी मालकी नाही, हे मला एक यंत्र सांगत होते. दुकानदाराने माउसची उजवी कळ दाबली, दोनतीन चौकटींत खुणा केल्या, आणि मालकी फिरली. ना नोटीस, ना हरकत, ना जबाब. इतक्या सहज फिरलेल्या मालकीचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण माझे लक्ष मसुद्यांकडे होते.

त्याने हातपंपाचा मसुदा उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, डॉलर, कंस, फुल्या आणि उद्गारचिन्हे यांचा खच पडला. दुसरा मसुदा उघडला, तसाच. तिसरा, तसाच. चौथा मी त्याला उघडू दिला नाही.

“खराब व्हई गयं बठ्ठं,” दुकानदार म्हणाला. त्याने ते इतक्या सहज म्हटले, जणू एखाद्याची केळी काळी पडली असावीत.

मी खुर्ची पुढे ओढली. खराब झालेले काही असे ओळीत येत नाही. प्रत्येक परिच्छेद जिथल्या तिथे होता, विषयाची ओळ मध्यभागी होती, सहीची जागा उजवीकडे होती. फक्त अक्षरांनी वेश बदलला होता. टाइपरायटरवरून संगणकावर आलो तेव्हाचा माझा मराठी फॉन्ट जुना. नव्या संगणकाने त्याचे नावही ऐकलेले नसणार. “जुन्या विंडोजच्या पोटात फॉन्टचा कप्पा असेल,” मी म्हणालो, “तिथून माझा फॉन्ट उचला आणि नव्यात टाका.” त्याने शोधला, टाकला, मसुदा पुन्हा उघडला. घंटा झाल्यावर पोरे रांगेत यावीत तशी माझी अक्षरे जागच्या जागी आली. ‘विषय: मौजे,’ आणि पुढे तो पाडा. मी मनातल्या मनात पाड्याला नमस्कार केला.

“तात्या, एक सांगू का? डिस्क जुनी शे. कवय बसी जाई, सांगता येवाव नई. बठ्ठानी एक कॉपी नवीमा टाकी देस. येळ लागी. मशीन आज ठेई जा.”

सल्ला योग्य होता. मूर्ख माणसाचा योग्य सल्ला सर्वांत महाग पडतो. मी संगणक तिथेच ठेवून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संगणक टपरीत आला. माझ्या शेजारी रबरी शिक्के तयार करणारे चाचा बसतात. त्यांचे घराणे या गावात शिक्के आणि कुलुपे यांवरच पिढ्यान्‌पिढ्या जगले. नव्या चकचकीत डब्यातून जुन्या डिस्कची घरघर ऐकून ते म्हणाले, “काय तात्या, नवा घरमा जुनी बायको लई उनात का?”

“काय कुठे ठेवले आहे हे जुनीलाच माहीत असते, चाचा.”

“हाव, आनि बोलस बी तीच!” चाचा म्हणाले आणि आपल्या विनोदावर बराच वेळ हसत राहिले.

पुढे काही आठवडे मी आनंदात होतो. मग माझ्या लक्षात आले, की शेजारच्या खापर गावच्या बाजाराच्या दिवशी डोंगरावरून उतरणारी माणसे माझ्या टपरीवरून पुढे जाऊ लागली आहेत. फाटकाच्या पलीकडे दुकानदाराच्या मेहुण्याचे फॉर्म भरण्याचे केंद्र होते. तिथे आजवर फॉर्मच भरत. अर्ज लिहीत नसत, कारण अर्जाला वाक्ये लागतात, आणि त्या गृहस्थाला दोन वाक्ये जोडायची झाली तर तो मध्ये चहा मागवतो. तरीही त्याच्याकडून माणसे हातात टंकलेले अर्ज घेऊन बाहेर पडत होती. एकाच्या हातातला कागद मी लांबून पाहिला. समास माझा होता. विषयाच्या ओळीखालची दुहेरी रेघ माझी होती.

त्यानंतर एका सकाळी आवक विभागातल्या बाईंनी शिपायाकरवी मला आत बोलावले. समोर एक अर्ज होता. त्यावर आवकेचा शिक्का पडलेला होता आणि शेवटच्या परिच्छेदात बाईंनी लाल पेनने एक गोल केलेला होता. टेबलाच्या बाजूला मोलगीच्या वरच्या डोंगरातला एक म्हातारा उभा होता. तो अर्ज त्याचाच.

“तात्या, तुमनी भाषा मी आंधारामा बी वळखसू,” बाई म्हणाल्या. “म्हनीसन इचारस. पानीखाले हातपंप कसाले पाह्यजे?”

मी वाचले. डोक्यावर म्हाताऱ्याच्या पाड्याचे नाव बरोबर होते. पण खाली, विनंतीत, माझेच वाक्य उभे होते: ‘सबब मौजे’ आणि तो बुडालेला पाडा, ‘येथील नादुरुस्त हातपंप तातडीने दुरुस्त करून मिळावा.’

“हा अर्ज मी लिहिलेला नाही,” मी म्हणालो.

“मंग तुमना हात कापी लई गया का कोन्ही?”

हा प्रश्न बाईंनी गमतीने विचारला, पण नेमके तेच झाले होते. मी म्हाताऱ्याकडे वळलो आणि हा कागद कुठे केला ते विचारले. त्याने मान वळवून फाटकापलीकडे हात केला. अर्ज का अडला हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्या लाल गोलातले नाव मी त्याला वाचून दाखवले आणि म्हटले, “बाबा, तुमच्या पाड्याऐवजी हा पाडा पडला आहे.”

तो हसला नाही. “त्या पाड्यात माझी मावशी दिली होती,” तो सावकाश म्हणाला. “पाणी यायच्या आधी.” मग त्याने लाल गोलावर बोट ठेवले. “तिथला हातपंप चांगला होता. आमचाच बिघडला आहे.”

बाईंनी अर्ज त्याच्याकडे परत दिला. मी त्याला टपरीत नेले, डिस्कमधून मसुदा काढला, पाडा तिन्ही ठिकाणी बदलला आणि अर्ज छापून त्याचा अंगठा घेतला. त्यांच्या पंपाचे पाणी लाल येते असे तो म्हणाला; हे मसुद्यात नव्हते. तेही एका वाक्यात घातले. त्या दिवशी ते वाक्य मला चांगले जमले.

मग मी दुकानात गेलो.

“माझे मसुदे तुमच्या मेहुण्याकडे कसे गेले?”

दुकानदार मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, “कॉपी शे, तात्या. कॉपी म्हनजे काय? तुमनं तुमनापाशीच शे ना? काय कमी व्हयनं?”

“फॉन्टही तिकडे गेला वाटते.”

“फॉन्टशिवाय कसं वाचनार?” तो सरळपणे म्हणाला. “आनि ‘नम्र विनंती’वर तुमनी मालकी शे का? लोकेस्ना काम व्हवाले पाह्यजे. सेवा शे हाई.”

मी आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले आहेत. त्यांच्या जामिनासाठी त्यांच्या नातेवाइकांचे अर्ज लिहिले आहेत. त्यांतला एकही आपल्या धंद्याला सेवा म्हणत नसे. तक्रार करावी असे वाटले, आणि तिचा मजकूर पायऱ्या उतरेपर्यंत मनात तयारही झाला. पण चौकीत पहिला प्रश्न आला असता: चोरीला काय गेले? आणि मला उत्तर द्यावे लागले असते: काही नाही, सर्व माझ्याकडेच आहे. असा अर्ज मी दुसऱ्या कोणाला लिहून दिला नसता.

जाता जाता तो मागून ओरडला, “तात्या, कोठे चुकनं ते तरी सांगा! मेहुनाले सांगसू, सुधारी ली!”

मी थांबलो. पाड्याची रीत त्याला सांगणे सोपे होते. पण सांगितले असते तरी उपयोग झाला नसता; कारण ती समजण्यासाठी अर्ज शेवटपर्यंत वाचावा लागतो, आणि त्या दोघांच्या घराण्यात कोणी कागद शेवटपर्यंत वाचल्याचे ऐकिवात नाही. “काही चुकले नाही,” मी म्हणालो. “असेच चालू द्या.”

आणि तसेच चालू आहे. त्यांनी डोक्यावरचा पाडा बदलला, तर हकिकतीतला राहतो. हकिकतीतला कोणी दाखवून दिला म्हणून बदलला, तर विनंतीतला राहतो. कधी त्या पाड्यासाठी विजेचा खांब मागितलेला असतो, कधी अंगणवाडीला सेविका, एकदा तर शेतात जायला बारमाही रस्ता. आवकेच्या बाई आधी शिक्का मारतात आणि मग वाचतात, ही त्या टेबलाची जुनी रीत. त्यामुळे जो पाडा सरकारने आपल्या कागदांवरून उतरवून टाकला, तो आता आवक क्रमांकासह पुन्हा पुन्हा सरकारच्या टेबलावर येतो आणि पाणी, वीज, रस्ता मागतो. इतक्या हक्काने त्याने पूर्वी कधी मागितला नसेल.

बाई लाल गोल करतात आणि अर्जदाराला फाटकाबाहेर बोट दाखवतात. माणूस कागद हातात धरून कडुनिंबाखाली येतो आणि विचारतो, इथे काय चुकले. चाचा शिक्का कोरता कोरता म्हणतात, “तात्या, तुमना पाडा उना!” मी संगणक सुरू करतो. नवी डिस्क आवाज न करता जागी होते, खालची जुनी घरघरते. दुकानदाराने कुंकू पुसले त्या जागी मी यंदाच्या दसऱ्याला पुन्हा लावले आहे, जरा जास्तच. मसुदा उघडतो, आधी पाडा बदलतो, आणि समोर बसलेल्या माणसाला त्याच्या गावाचे नाव नीट सांगायला सांगतो.